अर्ध्या कोसावरची हाक

भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरी एक सोहळा होतो. तो दरवर्षी पाहूनही मला हसू आवरत नाही. पाट मांडलेला असतो, पाटाभोवती रांगोळी असते, निरांजन तेवत असते. आणि ज्या पाटावर भावाने बसायचे त्या पाटावर करंज्यांच्या डब्याला टेकवून एक मोबाईल फोन उभा केलेला असतो. त्या फोनमध्ये माझे मेव्हणे असतात. राहतात दुबईला. आमची ही कुंकवाचे बोट पुढे करते, तेवढ्यात नात ओरडते, "आजी, स्क्रीनला नको!" बोट हवेतच थांबते. तबक मात्र नीट तीनदा फिरते, आणि तिकडे समुद्रापलीकडे साठी ओलांडलेले एक गृहस्थ डोक्यावर रुमाल धरून मान लववतात. ओवाळणी बँकेतून आलेली असते. या साऱ्याला खर्च किती, म्हणून विचाराल तर इंटरनेटचे महिन्याचे बिल. आणि ते आम्ही एरवीही भरतोच.

गेल्या भाऊबीजेला ओवाळणे आटोपले, फराळाच्या ताटल्या पुढे आल्या, आणि चकलीचा तुकडा मोडता मोडता जावईबापू म्हणाले, "मामा, हे फुकटचं बोलणं फार दिवस चालायचं नाही. साध्या टेलिफोनला जे नियम आहेत तेच यालाही लावायला हवेत."

जावईबापू मोबाईलच्या टॉवरांची कामे घेणाऱ्या एका कंपनीत आहेत. तेव्हा त्यांच्या मतात पोटाचाही थोडा वाटा असणार, हे मी जाणून होतो. पण ‘साध्या टेलिफोनचे नियम’ हे त्यांचे शब्द कानी पडले आणि माझे मन चकलीवरून उडून आमच्या जुन्या टेलिफोनवर जाऊन बसले.

तो आमच्या घरी आला १९९४ साली. अर्ज केला तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती; खांबावरून तार ओढायला माणसे आली तेव्हा ती पाचवीत गेली होती. त्याआधी घोडेगावात लांबच्या माणसाशी बोलायचे म्हणजे पोस्टात जाऊन ट्रंककॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचे. साधा, अर्जंट आणि लायटनिंग अशा कॉलच्या तीन जाती होत्या. जितकी घाई तितके दाम जास्त. घरात माणूस अत्यवस्थ असला म्हणजे लोक आधी खिसा चाचपत आणि मग कॉलची जात ठरवीत. पुढे पिवळ्या पाट्यांची एस. टी. डी. बूथ आली. रात्री अकरानंतर पाव दर होई, म्हणून मुंबईला मुलगे कामाला असलेली म्हातारी माणसे घोंगडी पांघरून बूथसमोर रांग धरीत. मुलाशी बोलताना त्यांचे डोळे मुलाकडे नसत. यंत्रावरच्या धावत्या लाल आकड्यांकडे असत.

आमचा टेलिफोन नावाला आमचा होता. नंबर साऱ्या आळीचा होता. लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर लोक आमचा नंबर लिहीत आणि पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे जोडीत. घंटी वाजली की आमची मुलगी आधी ऐकून घेई आणि मग अनवाणी आळीभर धावत सुटे. आळीतल्या कितीतरी जन्ममृत्यूंच्या बातम्या आम्हाला त्या त्या घरच्यांच्या आधी कळलेल्या आहेत.

एक रात्र विशेष आठवते. मुसळधार पाऊस, गावची वीज गेलेली, आणि शेजारच्या सुनेचे दिवस भरलेले. तिची सासू कंदील घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "गुरुजी, मंचरला फोन लावा." गावात दिवा नव्हता, पण मी रिसीव्हर उचलला तर आत तो ओळखीचा सूर चालूच होता. त्या टेलिफोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असत आणि तिथून अठ्ठेचाळीस व्होल्टचा प्रवाह त्याच तांब्याच्या तारेने घरापर्यंत येई. सारे गाव अंधारात असले तरी तार शाबूत असेपर्यंत टेलिफोन जागा असे. मंचरहून डॉक्टरांची जीप आली. सून आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले.

अशा त्या टेलिफोनच्या पाठीशी एक कायदा उभा होता. आपल्या देशात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे पहिली एक्स्चेंजे १८८२ साली उघडली, आणि तीन वर्षांनी, १८८५ साली, तारांचा कायदा झाला. राणीच्या राज्यातला तो कायदा रयतेच्या सोयीसाठी जन्मला, असे कोणी समजू नये. तारा कोणी टाकाव्या, कोणाला टाकू द्याव्या आणि प्रसंगी त्यांतून जाणारे बोलणे कोणी ऐकावे, हे सरकारच्या मुठीत राहावे यासाठी तो होता. पण कायदाही माणसासारखाच वयाबरोबर थोडा मवाळ होतो. त्याच्या छायेत हळूहळू काही चांगल्या रीती वाढल्या. शंभर फिरवले की पोलीस, एकशेएक फिरवले की आगीचा बंब. टेलिफोन मुका झाला तर एकशेअठ्ठ्याण्णव नंबरला तक्रार नोंदवायची. नंबरांची जाडजूड डिरेक्टरी. आणि महत्त्वाचे म्हणजे, काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हे लहान मुलालाही ठाऊक. तो कायदा एकशेअडतीस वर्षे टिकला. २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला, तेव्हा त्याची सुटी झाली.

इकडे पाटावर वाद रंगला होता. जावईबापू बोटे मोडून हिशेब सांगत होते. फोन कंपनीला परवाना लागतो. हवेतल्या लहरी लिलावात बोली लावून विकत घ्याव्या लागतात. ठरावीक पद्धतीने मोजलेल्या उत्पन्नातले शंभराला आठ रुपये सरकारला द्यावे लागतात, आणि त्या आठांतले पाच खेड्यापाड्यांत टेलिफोन पोचवण्याच्या निधीत जातात. प्रत्येक सिमकार्डामागे माणसाची ओळख तपासावी लागते. "आणि हे ॲपवाले? यांना परवाना नाही, लिलाव नाही, निधी नाही. आम्ही रस्ता बांधायचा आणि यांनी त्यावरून टोल न देता मोटारी पळवायच्या. धंदा एक, तर नियमही एकच पाहिजे."

फोनमधून मेव्हणे ऐकत होते. त्यांना राहवेना. "दाजी, जावयांना म्हणावं, एकदा इथं येऊन बघा. नियमात बसवलेलं बोलणं कसं असतं ते कळेल." त्यांची कहाणी मला ठाऊक होती. अमिरातीत परवान्याशिवायच्या इंटरनेट-कॉलना मुभा नव्हती. २०१८ उजाडता उजाडता तिथे स्काइपवरचे बोलणेही थांबले, आणि त्याच सुमारास तिथल्या फोन कंपनीने परवान्याच्या ॲपवरून बोलण्यासाठी महिना पन्नास दिरहमची वर्गणी काढली. ज्यांच्या बायकापोरे इकडे कोकणात नाहीतर घाटावर होती, अशा हजारो कामगारांना रोजच्या दोन शब्दांसाठी ती भरणे भाग पडले. "ताईचा आवाज ऐकायला मला महिन्याचा पास काढायला लागला, दाजी," असे ते त्या वेळी म्हणाले होते. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

नात पुण्याला कॉलेजात शिकते. तिचे म्हणणे तिसरेच. "आजोबा, टेलिफोनचा नियम म्हटलं की कान लावणं आलं." तिने मला समजावून सांगितले ते असे. व्हॉट्सॲपवर २०१५ साली बोलणे सुरू झाले आणि २०१६ पासून त्याला दोन्ही टोकांना कुलूप बसले. किल्ल्या फक्त बोलणाऱ्या दोघांकडे. मधल्या कंपनीकडेही नाहीत. जुन्या टेलिफोनवर सरकारी हुकमाने मधल्या मधे बोलणे ऐकता येई. तो नियम जसाच्या तसा इथे लावायचा तर तिसरी किल्ली करावी लागेल. "आणि तिसरी किल्ली झाली की ती चौथ्या माणसाकडे जायला कितीसा वेळ?" या प्रश्नावर जावईबापूंनी लाडूच तोंडात टाकला.

मी गुरुजी. तिघांच्याही उत्तरपत्रिका तपासल्या तर तिघांनाही बरे गुण पडतील. कान लावण्याचे भय खोटे नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनवर चोरून ऐकणे हा माणसाच्या खासगीपणावरचा घाला आहे असे ठरवून त्याला वेसण घातली होती. जावईबापूंच्या हिशेबात मात्र एक हातचा राहून गेला होता. ॲपवरून बोलायला जे इंटरनेट लागते ते मी त्यांच्याच धंद्यातल्या कंपनीकडून विकत घेतो. त्या पैशांतूनही शंभराला आठ जातात आणि त्यांतले पाच खेड्यांच्या निधीत पडतात. म्हणजे मोटार टोल न देता पळत नाही. टोल मोटारवाल्याने न देता आत बसलेल्या उतारूने दिलेला असतो, एवढेच.

या वादाला आपल्याकडे दोन तपे होऊन गेली. एक काळ असा होता की आपल्या देशात इंटरनेटवरून बोलणेच बेकायदा होते. १ एप्रिल २००२ पासून त्याला मुभा मिळाली, पण अर्धीमुर्धी. संगणकावरून परदेशातल्या टेलिफोनला हाक मारता येई. पलीकडच्या गल्लीतल्या टेलिफोनला मारता येत नसे. ही गाठ परवानाधारक कंपन्यांपुरती सुटायला २०१८ साल उजाडले. मधल्या काळात, २०१५ साली, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या ॲपांना नियम लावावेत काय असे लोकांना विचारले, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. आमच्या गावच्या पोरांनीही धाडली होती. २०२० साली त्याच प्राधिकरणाने सांगितले की तूर्त नियम नकोत. २०२२ च्या नव्या विधेयकाच्या मसुद्यात ही ॲपे नाव घेऊन आत आली, आणि २०२३ चा कायदा झाला तेव्हा ते नाव गळले होते. पाहुणा दारात येतो, चपला काढतो, पुन्हा घालतो आणि पुन्हा काढतो, तसा हा प्रकार.

हे सगळे मी त्या दिवशी त्यांना सांगितले. पण माझे स्वतःचे मत सांगितले नाही. सांगायचे तर घरात दिवाळीच्या दिवशी नको तो विषय निघाला असता. माझे मत वर्तमानपत्रे वाचून बनलेले नाही. ते आदल्या श्रावणात एका रात्री बनले.

निवृत्त झाल्यावर आम्ही आळीतले घर सोडले आणि घोड नदीच्या अंगाला मळ्यात चार खोल्या बांधल्या. तारेचा टेलिफोन येताना परतच केला. कोणी सांगितले नव्हते. मोबाईल होते, इंटरनेटची वायर आली होती. मग दरमहा आणखी एक बिल कशाला, एवढाच विचार. ज्या वस्तूने आयुष्यभर साथ दिली तिला माणूस किती सहज निरोप देतो! त्या दिवशी फोनच्या जागेवर मनीप्लँटची कुंडी ठेवून आम्ही मोकळे झालो.

तर श्रावणातली रात्र. तीन दिवस पावसाची झड लागलेली. वीज संध्याकाळीच गेलेली. इन्व्हर्टरवर एक दिवा आणि इंटरनेटचे डबडे तेवढे मिणमिणत होते. दीडच्या सुमाराला ही उठून बसली. "अहो, श्वास लागतोय." कपाळ हाताला लागले तर गार आणि घामाने ओले. मी मोबाईल घेतला आणि १०८ दाबले. रुग्णवाहिकेची ही सोय महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, हे मी पोरांना वर्गात शिकवलेले. फोन लागेना. वरच्या कोपऱ्यात ज्या रेघा असतात त्या नव्हत्या. हिचा मोबाईल दुसऱ्या कंपनीचा; त्यालाही रेघा नाहीत. टॉवर झोपले होते. ११२ दाबून पाहिले. तेही तसेच.

आणि त्याच फोनवर इंटरनेट चालू होते. बोलण्याचे ॲप उघडले तर त्यात माझ्या साऱ्या गणगोताची नावे रांगेने उभी. हडपसरला मुलगी, दुबईला मेव्हणे, जुने विद्यार्थी पार ऑस्ट्रेलियापर्यंत. त्यांत फक्त १०८ नव्हते आणि ११२ नव्हते. मी वेड्यासारखा तिथेही ते आकडे घालून पाहिले. असल्या ॲपांच्या अटी बारीक अक्षरात असतात. त्यांत लिहिलेले असते की संकटकाळच्या सेवांना यावरून फोन लावता येणार नाही. मी त्या अटींना ‘मान्य’ म्हणून केव्हाच बोट उमटवलेले होते.

मुलीला लावला. तिने दोन घंट्यांत उचलला. तिच्या एका हातात माझा कॉल, दुसऱ्या हातात जावईबापूंच्या फोनवर १०८. पलीकडच्या बाईंनी रीतसर विचारले, रुग्ण कुठे आहे. फोन तर हडपसरहून आलेला. मग घोडेगाव, मग मळा, मग कोणता मळा, कोणत्या रस्त्याने आत वळायचे. मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा हा मळा म्हणजे नुसते ज्वारीचे रान होते. ती मला विचारी, मी तिला सांगे, ती त्यांना सांगे. दुभाष्यामार्फत वाटाघाटी चालाव्यात तसे आमचे चालले होते. तेवढ्यात दुबईहून कॉल आला. भाचीने मामाला कळवले होते. मेव्हण्यांचा चेहरा पडद्यावर उमटला, स्वच्छ, अगदी चष्म्यावरच्या दिव्याच्या प्रतिबिंबासह. "दाजी, ताईला दाखवा." मी दाखवली. ते रडू लागले. तेवढ्या लांबून दुसरे करणार तरी काय?

त्या क्षणी मला जे वाटले ते मी जन्मात विसरणार नाही. माझी हाक समुद्र ओलांडून दुबईला पोचली होती. मात्र घरापासून अर्ध्या कोसावर जो सरकारी दवाखाना आहे, तिथे ती पोचत नव्हती.

शेवटी मी बॅटरी घेतली, पावसात बांधावर गेलो आणि शेजारच्या मळ्याकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली. चाळीस वर्षे वर्गात ओरडून कमावलेला आवाज त्या रात्री कामाला आला. तिसऱ्या हाकेला दिवा हलला. शेजारचा मुलगा भाजी वाहायचा पिकअप घेऊन आला. हिला पुढे बसवले आणि वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर जागे होते. रुग्णवाहिकाही आमच्या मागोमाग मळ्यात येऊन गेली, असे मागाहून कळले. हृदयाचे दुखणे निघाले. सकाळी पुण्याला हलवले. आज ही ठणठणीत आहे, आणि हे लिहीत असताना स्वयंपाकघरातून ‘चिवड्यात साखर कमी पडली का बघा’ म्हणून विचारते आहे.

नंतर पुष्कळांनी मला शहाणपण शिकवले. नातीने फोनमध्ये कुठलीशी कळ दाबून दाखवली आणि म्हणाली, फोन कंपनीचा स्वतःचा कॉलही घरच्या वायफायवरून जाऊ शकतो. ही सोय २०१९ च्या अखेरीपासून आली आहे. म्हणजे गंमत पाहा. तीच वायर, तेच इंटरनेट, तेच डबडे. त्यावरून कंपनीचा कॉल गेला तर तो कायद्याच्या दृष्टीने टेलिफोन. ॲपचा कॉल गेला तर तो टेलिफोन नाही. ११२ चे वेगळे ॲप असते, हेही मला कोणी सांगितले. असेल. पण संकटात सापडलेला माणूस नवे दार शोधीत हिंडत नाही. रोजच्या सवयीच्या दारावर धडका मारतो. आज आपल्या घरोघरीचे सवयीचे दार ते बोलण्याचे ॲप झाले आहे.

म्हणून माझे मत असे. ज्याला आपण टेलिफोनचा कायदा म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र वळलेल्या आहेत. एक आहे दावे. गाय खुंट्याला बांधतात ते. परवाना, कर, ओळखपत्र, कान लावण्याची मुभा, बंद करण्याचा अधिकार. दुसरी गोष्ट आहे वचन. हाक मारलीस तर ती पोचवीन. तू कुठे आहेस ते मदतीला येणाऱ्याला सांगेन. माझ्यात बिघाड झाला तर तुला जाब विचारायला जागा ठेवीन. जुन्या टेलिफोनने दोन्ही गोष्टी एकाच दोरीत बांधून दिल्या होत्या, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. ‘टेलिफोनसारखे नियम लावा’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा दावे असते. ‘अजिबात नियम नकोत’ म्हणणारा त्या दाव्याला भिऊन वचनही नाकारतो.

दुरून पाहिले तर हे वेगळे करता येते. अमेरिकेत २००५ साली तिथल्या दळणवळण आयोगाने इंटरनेट-फोनांच्या बाबतीत असेच केले. ज्यांच्यावरून साध्या नंबरांना फोन लावता येतो आणि घेताही येतो, त्यांना जुन्या टेलिफोन कंपन्यांची सगळी ओझी घातली नाहीत. पण ९११ या त्यांच्या संकटकाळच्या नंबराशी तुमचा कॉल जोडलाच पाहिजे, एवढे बजावले. ॲपवरून ॲपवर होणारे बोलणे त्या आज्ञेत येत नाही, हे खरे. पण आधी वचन मागायचे, ही दिशा मला पटते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने बोलण्या-लिहिण्याच्या ॲपांना आदेश काढला, की ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावे. फोनवरून लुबाडणाऱ्या भामट्यांना आवरायला तो आहे, आणि भामट्यांनी आमच्या तालुक्यातल्याही म्हाताऱ्या माणसांची झोप उडवलेली आहे; तेव्हा त्या हेतूला मी नाव ठेवणार नाही. मात्र दावे आधी दाराशी आले आहे आणि वचन अजून वाटेतच आहे, एवढे माझ्यासारख्याच्या ध्यानात येते.

अडचणी नाहीत असे नाही. पत्ता कळवायचा म्हणजे माणूस कुठे आहे हे ॲपला सांगावे लागणार. मग ते फक्त त्या एका हाकेपुरते असावे. खोट्या हाकांनी यंत्रणा बेजार होईल. पण खोट्या हाका साध्या फोनवरूनही येतात, म्हणून कोणी १०८ बंद केलेले नाही. उद्या मंचरच्या एखाद्या पोराने बोलण्याचे छोटे ॲप काढले तर त्याच्या मानेवर हे जू नको; कोट्यवधी लोक ज्याच्यावर विसंबले आहेत त्याच्याच मानेवर असावे. विसंबणे जितके मोठे तितके वचन मोठे, हा व्यवहारातला साधा न्याय आहे. २००३ साली निघालेले स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. वीस-बावीस वर्षांच्या सवयीचे दारही असे एका दिवशी भिंत होऊन बसते. तेव्हा जाब विचारण्याची जागा तरी असावी.

आमच्या आंबेगाव तालुक्याला हाकेचे मोल कोणी शिकवायला नको. घोडेगावहून शिनोली, डिंभे करीत सह्याद्रीच्या पोटात शिरले की माळीण लागते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर त्या गावावर उतरला. दीडशेवर माणसे गेली. साऱ्या जगाला ते कळले ते सकाळच्या फेरीला आलेल्या एस. टी.च्या चालकामुळे. रोजच्या ठिकाणी त्याला गावच दिसले नाही. जे गाडले गेले त्यांना कुठलाही फोन वाचवू शकला असता असे मी म्हणणार नाही. डोंगराने तेवढी उसंतच दिली नव्हती. पण त्या दिवसापासून पावसाळ्यात रात्री जाग आली की मला डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांची आठवण होते. तिथे आता इंटरनेट पोचते आहे, आणि ते पोचते ते पुष्कळदा त्या बोलण्याच्या ॲपाच्या रूपानेच. तिथल्या म्हातारीला ‘हा टेलिफोन नव्हे’ हा कायद्यातला बारकावा कोण समजावून सांगणार? तिच्या दृष्टीने ज्यातून माणसाचा आवाज येतो तो फोन.

गेल्या भाऊबीजेच्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी हे सारे हिला सांगितले. दावे, वचन, अमेरिका, सगळे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तुमचं दाव्याचं मला कळत नाही. माझ्या भावाशी बोलायला कोणी पास काढायला लावू नये, आणि रात्री तुम्हाला पावसात बांधावर जायला लागू नये. एवढं होईल का?"

एवढे व्हावे, असेच माझेही म्हणणे आहे. ते होईपर्यंत मी माझ्यापुरती व्यवस्था केली आहे. दाराजवळच्या भिंतीवर जाड अक्षरांत दवाखान्याचा, शेजाऱ्याचा आणि १०८ चा नंबर लिहून लावला आहे. त्याखाली आमच्या मळ्याचा पत्ता सविस्तर लिहिला आहे, आणि त्याची एक प्रत हडपसरला आणि एक दुबईलाही धाडली आहे. शेजारच्या मुलाशी ठरले आहे, की बॅटरी तीनदा हलली म्हणजे त्याने निघायचे. मनीप्लँटची कुंडीही तिथून हलवली आहे. तारेचा टेलिफोन पुन्हा मिळतो का, ते विचारून यायचे आहे.

आणि यंदाच्या भाऊबीजेची तयारीही झाली आहे. कुंकू स्क्रीनला लावायचे नाही, यावर नातीने एक तोड काढली आहे. फोनला पाठीमागून एक कव्हर घातले आहे. आजीने कुंकू त्या कव्हराला लावायचे. मामाच्या कपाळाची बाजू नाही तर पाठीची बाजू. ही म्हणाली, "चालेल. पाठराखण तर पाठराखण."